श्वान-छायाचित्रणाद्वारे निधिसंकलन

श्वान-छायाचित्रणाद्वारे निधिसंकलन म्हणजे कुत्र्यांची छायाचित्रे विकून, प्रदर्शित करून किंवा छायाचित्रणाची सेवा देऊन प्राणिकल्याणाच्या कार्यासाठी पैसा उभा करण्याची पद्धत होय. दिनदर्शिका, छायाचित्रग्रंथ, प्रदर्शने, स्पर्धा आणि सशुल्क छायाचित्रण-सत्रे ही तिची प्रमुख रूपे आहेत. जमलेला पैसा प्राण्यांची निवारागृहे, पशुवैद्यकीय उपचार, निर्बीजीकरण, रेबीज-प्रतिबंधक लसीकरण इत्यादी कामांसाठी वापरला जातो. बेवारस कुत्र्यांना दत्तक घर मिळवून देणे हा याच छायाचित्रांचा दुसरा उपयोग असून अनेक उपक्रमांत हे दोन्ही हेतू एकत्र आढळतात. छायाचित्र बहुधा एकाच कुत्र्याचे असते, प्राणिकल्याणाचे काम मात्र मोठ्या संख्येने कुत्र्यांसाठी करावे लागते. त्यामुळे चित्राने जागवलेली सहानुभूती एका कुत्र्यापुरती न राहता या व्यापक कामापर्यंत कशी पोहोचवावी, हा या पद्धतीतील मुख्य प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

प्राणिकल्याणासाठी संघटित संस्था एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आल्या. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८२४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेस १८४० मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली व ती आर.एस.पी.सी.ए. या नावाने ओळखली जाऊ लागली. मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये लंडनमधील हॉलोवे येथे बेवारस कुत्र्यांसाठी निवारागृह काढले. ते १८७१ मध्ये बॅटरसी येथे हलवण्यात आले. अशा संस्था मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालत.

निधीसाठी चित्राचा उपयोग करण्याची प्रथा छायाचित्रणापुरती मर्यादित नाही. पहिल्या महायुद्धात युद्धभूमीवरील घोड्यांच्या उपचारासाठी ‘ब्लू क्रॉस’ने फॉर्च्युनिनो मातानिया यांच्याकडून एक चित्र काढून घेतले. मरणासन्न घोड्याचा निरोप घेणारा सैनिक त्यात दाखवला आहे. १९१६ मधील या चित्राच्या प्रती विकून संस्थेने निधी जमवला. एका प्राण्याची व्यथा दाखवून अनेक प्राण्यांसाठी पैसा उभा करण्याचे तत्त्व येथेही दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्रा हा कलात्मक छायाचित्रणाचा स्वतंत्र विषय झाला. एलियट अर्विट यांनी रस्त्यांवर व उद्यानांत टिपलेली कुत्र्यांची कृष्णधवल छायाचित्रे आणि विल्यम वेगमन यांनी आपल्या वाइमरानर जातीच्या कुत्र्यांना घेऊन केलेली मालिका यांमुळे अशा चित्रांना कलादालनांत व ग्रंथविक्रीत स्थान मिळाले. हे काम निधिसंकलनासाठी नव्हते. परंतु कुत्र्याचे छायाचित्र विकत घेणारा वाचक व प्रेक्षक त्यातून तयार झाला. पुढे अंकीय कॅमेरा व समाजमाध्यमे आल्यावर चित्र काढण्याचा व ते पसरवण्याचा खर्च फार कमी झाला आणि लहान संस्थांनाही हा मार्ग खुला झाला.

निधिसंकलनाचे प्रकार

सशुल्क छायाचित्रण-सत्र : छायाचित्रकार पाळीव कुत्र्यांची चित्रे काढून देतो व शुल्काची संपूर्ण रक्कम किंवा तिचा ठरावीक भाग संस्थेस देतो. एखाद्या उद्यानात वा सभागृहात एका दिवसात दहा-पंधरा मिनिटांची अनेक सत्रे घेण्याचीही पद्धत आहे. येथे साहित्याचा खर्च कमी असतो, कारण ग्राहकास अंकीय प्रती देता येतात.

दिनदर्शिका व भेटकार्डे : निवारागृहातील किंवा देणगीदारांच्या कुत्र्यांची बारा चित्रे निवडून दिनदर्शिका छापली जाते. काही संस्था पृष्ठावर आपल्या कुत्र्याचे चित्र यावे यासाठी स्वतंत्र देणगी स्वीकारतात किंवा एक मत म्हणजे ठरावीक रक्कम अशा रीतीने मतदान घेतात. ऑस्ट्रेलियातील अग्निशामक जवानांची दिनदर्शिका १९९३ पासून निघते. तिचा प्रारंभ मुलांच्या रुग्णालयासाठी निधी जमवण्यापासून झाला. पुढे तिच्या काही आवृत्त्यांत जवानांसोबत कुत्री व इतर प्राणी दिसू लागले आणि मदत मिळणाऱ्यांत प्राणिसंस्थांचाही समावेश झाला.

ग्रंथ व प्रदर्शने : एखाद्या सूत्रावर आधारित छायाचित्रांचा ग्रंथ काढला जातो, किंवा मुद्रित प्रतींचा लिलाव केला जातो. यात वेळ व भांडवल अधिक लागते; मात्र विषयाची चर्चा वृत्तपत्रांपर्यंत पोहोचते.

स्पर्धा : प्रवेशशुल्क किंवा प्रायोजकाकडून मिळालेली रक्कम संस्थेस दिली जाते. पॉल जॉयन्सन-हिक्स व टॉम सुलम यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या पाळीव प्राण्यांच्या विनोदी छायाचित्रांच्या स्पर्धेतून ब्रिटनमधील ‘ब्लू क्रॉस’ या संस्थेस मदत करण्यात आली.

आवाहनातील छायाचित्र : विशिष्ट आजारी वा जखमी कुत्र्याचे चित्र देऊन त्याच्या उपचारासाठी पैसे मागितले जातात. पैसा सर्वांत लवकर याच प्रकारात जमतो आणि गैरप्रकारांची शक्यताही यातच अधिक असते.

आर्थिक बाजू

मुद्रित वस्तूंच्या विक्रीत नफ्याइतकीच तोट्याचीही शक्यता असते. उदाहरणार्थ, ५०० दिनदर्शिका छापण्यास प्रत्येकी १४० रुपये खर्च आला व विक्रीची किंमत ३०० रुपये ठेवली, असे समजू. एकूण खर्च ७०,००० रुपये होतो. ३५० प्रती विकल्या गेल्यास १,०५,००० रुपये जमा होतात व टपालखर्च सोडून ३५,००० रुपये उरतात. २०० प्रतीच विकल्या गेल्यास जमा केवळ ६०,००० रुपये होते, म्हणजे संस्थेचे १०,००० रुपये बुडतात. खर्च भरून निघण्यासाठी किमान २३४ प्रती विकल्या जाणे आवश्यक ठरते. दिनदर्शिकेचे मूल्य जानेवारीनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे उरलेल्या प्रती पुढे विकता येत नाहीत. यावर उपाय म्हणून आगाऊ मागणी नोंदवून तेवढ्याच प्रती छापणे, किंवा छपाईचा खर्च प्रायोजकाकडून घेणे, या पद्धती रूढ आहेत.

‘विक्रीतील काही भाग प्राण्यांसाठी’ असे मोघम शब्द टाळून प्रत्येक प्रतीमागे किती रुपये, कोणत्या संस्थेस व कोणत्या कामासाठी दिले जातील, हे आधीच जाहीर करणे योग्य समजले जाते.

छायाचित्राचा परिणाम : संशोधन

एका ओळखीच्या जिवाकडे पाहून माणूस संख्येपेक्षा अधिक द्रवतो, ही बाब मानसशास्त्रात अभ्यासली गेली आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन व पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, गरजूंची केवळ आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा एका बालिकेची माहिती वाचणाऱ्यांनी अधिक देणगी दिली. त्या माहितीस आकडेवारीची जोड दिली असता देणगी घटली. हा अभ्यास माणसांविषयी असला तरी एका कुत्र्याचे नाव व चेहरा पुढे करण्याच्या पद्धतीमागील कारण त्यातून समजते.

कुत्र्याच्या चेहऱ्याविषयीही अभ्यास झाले आहेत. ब्रिजेट वॉलर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधील निवारागृहांत केलेल्या निरीक्षणात, भुवईचा आतला भाग वारंवार उंचावणाऱ्या कुत्र्यांना लवकर घर मिळाल्याचे आढळले. या हालचालीने डोळे मोठे व चेहरा बालसदृश दिसतो. ज्युलियान कामिन्स्की व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार ही हालचाल घडवणारा स्नायू कुत्र्यांत नियमितपणे आढळतो, पण लांडग्यांत तो तसा विकसित नसतो.

रेचल लॅम्प व थॉमस विट यांनी २०१५ मध्ये लॅब्राडोर-संकरित कुत्र्यांच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांचा अभ्यास केला. चित्राचा चांगला दर्जा, कॅमेऱ्याकडे थेट पाहणारी नजर, उभी स्थिती व मोकळ्या जागेतील पार्श्वभूमी यांचा लवकर दत्तक जाण्याशी संबंध दिसून आला. मात्र अशा अभ्यासांतून दिसणारा संबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. चांगले छायाचित्र काढणारी संस्था इतर कामेही अधिक काळजीपूर्वक करत असण्याची शक्यता असते.

उल्लेखनीय उपक्रम

अमेरिकन छायाचित्रकार ट्रेअर स्कॉट यांचा ‘शेल्टर डॉग्ज’ हा ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निवारागृहातील कुत्र्यांची गंभीर, साधी व्यक्तिचित्रे त्यात आहेत. चित्रित कुत्र्यांपैकी काहींना घर मिळाले, तर काहींना मरण आले.

सेथ कॅस्टील यांनी जलतरण तलावात उडी मारणाऱ्या कुत्र्यांची पाण्याखालून काढलेली छायाचित्रे २०१२ मध्ये जगभर पसरली व त्याच वर्षी ‘अंडरवॉटर डॉग्ज’ हा ग्रंथ निघाला. या प्रसिद्धीपूर्वीपासून ते निवारागृहांतील प्राण्यांची छायाचित्रे विनामूल्य काढत असत. निवारागृहातील कर्मचाऱ्यांना छायाचित्रण व प्राण्यांची स्वच्छता शिकवणारा ‘वन पिक्चर सेव्ह्ज अ लाइफ’ हा उपक्रम त्यांनी सुरू केला. लिसा प्रिन्स फिश्लर यांनी स्थापन केलेली ‘हार्ट्स स्पीक’ ही संस्थाही छायाचित्रकारांना निवारागृहांशी जोडण्याचे व प्रशिक्षणाचे काम करते.

फ्रेंच छायाचित्रकार सोफी गामाँ यांनी २०१४ मध्ये ‘पिट बुल फ्लॉवर पॉवर’ ही मालिका सुरू केली. क्रूर म्हणून बदनाम झालेल्या पिट बुल कुत्र्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट ठेवून काढलेली ही व्यक्तिचित्रे आहेत. त्यांवर आधारित दिनदर्शिका व २०१८ मधील ग्रंथ यांचा उपयोग निधी व जनजागृती या दोन्हींसाठी झाला. या मालिकेवर असाही आक्षेप घेतला गेला की, फुलांच्या मुकुटामुळे कुत्र्याचा खरा स्वभाव व त्याला लागणारे प्रशिक्षण यांकडे दुर्लक्ष होऊ शकते.

तैवानमधील छायाचित्रकार तू युन-फेई यांनी सार्वजनिक निवारागृहात मारल्या जाणार असलेल्या कुत्र्यांची व्यक्तिचित्रे त्यांच्या अखेरच्या दिवशी काढली. माणसांच्या व्यक्तिचित्रांसारखी गंभीर मांडणी हे त्यांचे वैशिष्ट्य. हे काम विक्रीसाठी नव्हे, तर विचारप्रवृत्त करण्यासाठी होते. ठरावीक मुदतीनंतर निवारागृहातील प्राणी मारण्याची तरतूद रद्द करणारी दुरुस्ती तैवानमध्ये २०१५ मध्ये संमत झाली व फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आली. या बदलामागे अनेक संस्था व कार्यकर्त्यांचे दीर्घ प्रयत्न होते.

भारतातील स्थिती

भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर असून त्याविषयीचे २००१ चे नियम २०२३ मध्ये नव्या नियमांनी बदलण्यात आले. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भार स्वयंसेवी संस्था उचलतात.

मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था परळ येथे बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय चालवते. ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही मुंबईतील संस्था निर्बीजीकरण, लसीकरण व रस्त्यावरच प्रथमोपचार करण्याचे काम करते. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिली जाते. छायाचित्रात ती दिसत असल्यास कुत्र्यावर शस्त्रक्रिया झाली असल्याचे जाणकारांच्या लगेच ध्यानात येते. त्यामुळे सौंदर्यासाठी ती संपादनात पुसून टाकू नये, असे सांगितले जाते.

मुंबईतील ‘वर्ल्ड फॉर ऑल’ या संस्थेच्या दत्तक मेळाव्यासाठी २०१७ मध्ये छायाचित्रकार अमोल जाधव व कलादिग्दर्शक प्रणव भिडे यांनी केलेली चित्रमालिका देशाबाहेरही गाजली. अंधूक प्रकाशात कुटुंबातील दोन व्यक्ती समोरासमोर आहेत आणि त्यांच्या आकृत्यांमधील रिकाम्या जागेतून कुत्रा किंवा दुसऱ्या प्राण्याचा आकार साकारतो, अशी तिची रचना होती. घरात आणखी एकासाठी जागा असतेच, हा तिचा संदेश. प्रत्यक्ष प्राण्यास कॅमेऱ्यासमोर न आणता दत्तकाचे आवाहन करता येते, याचे हे उदाहरण होय.

गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य शासनाच्या सहकार्याने २०१३ नंतर कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण हाती घेतले व २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. रेबीजचा प्रसार थांबवण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली जाणे आवश्यक मानले जाते. अशा कामाचे यश कोणत्याही एका कुत्र्याच्या चित्रात दिसत नाही. गोंडस पिल्लाच्या चित्रावर पैसा सहज मिळतो, पण शेकडो सामान्य कुत्र्यांच्या लसीकरणासाठी तो मिळणे कठीण जाते. यास्तव काही संस्था एका कुत्र्याचे चित्र वापरूनही निधी ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ असल्याचे स्पष्ट नमूद करतात.

छायाचित्रणाचे तंत्र

कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून वा आडवे होऊन चित्र काढल्यास चेहरा नैसर्गिक दिसतो. वरून काढलेल्या चित्रात डोके मोठे व शरीर आखूड भासते. सकाळचा किंवा संध्याकाळचा सौम्य प्रकाश, अथवा सावलीतील समप्रमाणात पसरलेला उजेड सोयीचा असतो. धावत्या कुत्र्यासाठी साधारणतः १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी काळाचे प्रकाशन वापरतात. स्पष्टतेचा बिंदू डोळ्यांवर ठेवला जातो.

काळ्या कुत्र्यांचे छायाचित्रण विशेष कठीण असते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक सर्व दृश्य मध्यम करड्या छटेस आणू पाहतो. त्यामुळे चौकटभर काळा कुत्रा असल्यास तो फिकट करडा दिसतो, तर मागे उजळ आकाश असल्यास त्याची केवळ काळी आकृती उमटते. बाजूने येणारा मृदू प्रकाश व मध्यम छटेची पार्श्वभूमी यांनी केसांचा पोत व डोळे स्पष्ट होतात.

जांभया देणे, ओठ चाटणे, कान मागे घेणे, शेपूट पायांत घालणे आणि डोळ्यांतील पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर ही कुत्र्यावरील ताणाची लक्षणे होत. ती दिसताच छायाचित्रण थांबवून कुत्र्यास मोकळे सोडणे आवश्यक असते. बिथरलेल्या कुत्र्यासमोर फ्लॅश वापरला जात नाही. अनोळखी कुत्र्याच्या चेहऱ्याशी कॅमेरा नेणे छायाचित्रकारासाठीही धोक्याचे असते.

कायदेशीर बाबी

भारतात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील स्वामित्वहक्क, स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार, प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. सामान्यतः छायाचित्रकार हा पहिला मालक असतो. परंतु मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले गेल्यास, वेगळा करार नसल्यास, मोबदला देणारी व्यक्ती पहिली मालक ठरते. म्हणून सशुल्क सत्रात काढलेले चित्र पुढे दिनदर्शिकेत वापरायचे असल्यास कुत्र्याच्या मालकाची लेखी संमती घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांचे नियंत्रण असते व त्यांना लेखापरीक्षित हिशेब सादर करावा लागतो. वस्तूच्या विक्रीतून आलेली रक्कम व देणगी या वेगळ्या बाबी असल्याने त्या हिशेबात स्वतंत्र दाखवणे योग्य ठरते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा समावेश असल्याने कंपन्या आपल्या सामाजिक दायित्वनिधीतून अशा कामास साहाय्य करू शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींची देणगी विदेशी अंशदान मानली जाते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. परदेशस्थ मराठी मंडळींनी प्रदर्शन वा दिनदर्शिकेतून निधी जमवून येथील संस्थेस पाठवताना ही तरतूद महत्त्वाची ठरते.

नैतिक प्रश्न व टीका

जखमी वा उपाशी कुत्र्याचे चित्र तत्काळ दया उत्पन्न करते. पण अशी चित्रे सतत पाहून प्रेक्षक तोंड फिरवू लागतो, असा एक आक्षेप आहे. केवळ हसरी, नटवलेली चित्रे दिल्यास समस्येचे गांभीर्य हरवते, असा दुसरा. अनेक संस्था उपचारापूर्वीचे व नंतरचे अशी दोन चित्रे देऊन यातून मार्ग काढतात.

याहून गंभीर प्रश्न बनावट सुटकेच्या चित्रांचा व चित्रफितींचा आहे. प्राण्यास मुद्दाम संकटात टाकून नंतर त्याची ‘सुटका’ करतानाचे चित्रण प्रसारित करायचे व त्यावर देणग्या मागायच्या, असे प्रकार घडतात. समाजमाध्यमांवरील प्राणिक्रौर्याचा मागोवा घेणाऱ्या ‘स्मॅक’ या आंतरराष्ट्रीय संस्थासमूहाने २०२४ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केला. पशुवैद्यकाचे नाव वा देयक नसणे, नंतरच्या स्थितीची माहिती न देणे आणि एकाच व्यक्तीस वारंवार तशाच संकटातील प्राणी सापडणे या गोष्टी संशयास्पद मानल्या जातात. दुसऱ्या संस्थेचे चित्र चोरून आपल्या खात्यासाठी पैसे मागण्याचेही प्रकार होतात.

एका कुत्र्याच्या नावाने जमलेली रक्कम उपचारानंतर उरल्यास, किंवा कुत्रा दगावल्यास, ती कशासाठी वापरायची, हा प्रश्नही वारंवार उद्भवतो. आवाहनातच त्याचा उल्लेख करणे, आणि कुत्रा दगावल्यास ती बातमी देणगीदारांपासून न लपवणे, हे उत्तम प्रथांत गणले जाते. तसेच रस्त्यावरील कुत्र्यांचे नेमके ठिकाण चित्रासोबत जाहीर केल्यास त्यांना इजा होण्याची, किंवा लोकांनी नको असलेले प्राणी तेथे आणून सोडण्याची शक्यता असल्याने ते टाळले जाते.

देणगीदाराने पैसे देण्यापूर्वी संस्थेची नोंदणी, पावती, मागील वर्षाचा हिशेब आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष काम पाहावे, असे सुचवले जाते. चित्रातील कुत्र्याचे पुढे काय झाले, हे सांगता येणे ही अशा उपक्रमाच्या विश्वासार्हतेची सर्वांत सोपी कसोटी समजली जाते.

हेही पाहा

भटके कुत्रे
प्राणिकल्याण
निर्बीजीकरण
रेबीज
छायाचित्रण
मुधोळ हाउंड